दुर्गम हिमशिखरांवरील विद्यार्थी मोहीम : आखणीपासून अहवालापर्यंत

महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या गिर्यारोहण मंडळाने दूरच्या, उंच आणि फारशा कोणी न गेलेल्या पर्वतरांगेत स्वतःच्या बळावर मोहीम काढायची ठरवली, की पहिली चर्चा बहुधा शिखराच्या नावावर होते. ते स्वाभाविक असले, तरी आखणीची सुरुवात वेगळ्या प्रश्नापासून करावी : चढाईच्या सर्वांत दूरच्या ठिकाणी एखाद्याचा पाय मोडला, तर त्याला गाडीरस्त्यापर्यंत कोण आणणार, कसे आणणार आणि त्याला किती वेळ लागणार? उत्तर 'काही तास' असेल, तर गजबजलेल्या पर्वतांतले नेहमीचे नियम पुरतात. उत्तर 'तीन दिवस' असेल, तर शिखराची निवड, संघातील माणसांची संख्या, औषधांची पेटी, दोरांची लांबी आणि सुट्टीचे दिवस हे सारे त्या तीन दिवसांच्या मापाने ठरवावे लागते. पुढील विवेचन या एका मापाला धरून आहे. संघातील प्रत्येकाने बर्फावरील चढाईचे प्राथमिक प्रशिक्षण घेतले आहे आणि त्याला क्रॅम्पॉन (बर्फात पकड मिळावी म्हणून बुटांना लावायचे धातूचे दाते), आइस अ‍ॅक्स व दोर सराईतपणे हाताळता येतात, असे येथे गृहीत धरले आहे. तसे नसेल, तर मोहीम एक वर्ष पुढे ढकलून ते वर्ष प्रशिक्षणाला द्यावे.

शिखर आणि प्रदेश

तयारीला बारा ते अठरा महिने लागतात, आणि त्यांतले पहिले तीन-चार महिने केवळ वाचनात व नकाशे पाहण्यात जावेत. एकाच प्रसिद्ध शिखरापेक्षा ज्या खोऱ्यात वेगवेगळ्या उंचीची आणि वेगवेगळ्या कठीणतेची पाच-सहा शिखरे आहेत असे खोरे निवडावे, कारण विद्यार्थ्यांना परीक्षांमुळे मोहिमेचे दिवस वाढवता येत नाहीत आणि हवामान बिघडले तर एकाच शिखरावर अडकलेला संघ रिकाम्या हाताने परततो किंवा, त्याहून वाईट, घाईने वर जातो. किर्गिझस्तान आणि चीन यांच्या सीमेवरील पश्चिम कोकशाल-तू ही रांग याचे चांगले उदाहरण आहे. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर, १९९० च्या दशकात, ती परदेशी गिर्यारोहकांना खऱ्या अर्थाने खुली झाली. तिथले सर्वोच्च शिखर, डांकोव्हा, ५,९८२ मीटर उंच आहे, पण त्याच्या आसपास पाच हजार मीटरच्या आगेमागे असलेली अनेक शिखरे आहेत आणि विद्यार्थी संघांना त्यांतच भरपूर काम मिळते.

मोहिमेसाठी तीन उद्दिष्टे लिहून काढावीत : शरीर उंचीला सरावण्यासाठी एक सोपे शिखर, एक मुख्य शिखर, आणि मुख्य शिखराची वाट बंद निघाली तर दुसऱ्या दिशेला तोंड असलेले एक पर्यायी शिखर. कठीणतेबाबत माझे मत ठाम आहे. फ्रेंच श्रेणीपद्धतीत जो संघ एडी (बऱ्यापैकी कठीण) श्रेणीच्या वाटा आत्मविश्वासाने चढतो, त्याने दुर्गम रांगेत तिच्या खालच्या पीडी (थोडी कठीण) श्रेणीची शिखरे निवडावीत. अनोळखी प्रदेशात पुस्तकातले वर्णन हाताशी नसते, खडक ठिसूळ निघतो, उतरण्याची वाट स्वतः शोधावी लागते आणि पाठीवर ओझे असते, त्यामुळे कागदावरची एक श्रेणी तिथे सहज दोन श्रेणींइतकी जड होते.

माहितीसाठी अमेरिकन अल्पाइन जर्नल आणि हिमालयन जर्नल या दोन वार्षिकांचे जुने अंक हा सर्वांत मोठा खजिना आहे. दोन्ही १९२९ सालापासून निघत आहेत आणि त्यांत अयशस्वी प्रयत्नांच्याही नोंदी असतात. मध्य आशियातील पर्वतांसाठी सोव्हिएत काळातील १:१,००,००० प्रमाणाचे लष्करी नकाशे आजही उपयोगी पडतात. मात्र त्यांवर दाखवलेल्या हिमनद्या आता मागे सरकलेल्या आहेत, आणि जिथे नकाशात सपाट बर्फ दिसतो तिथे प्रत्यक्षात दगडगोट्यांचा सैल उतार किंवा नवे तळे असू शकते. म्हणून प्रत्येक नकाशा ताज्या उपग्रहचित्राशी ताडून पाहावा. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे विनामूल्य मिळतात, त्यांत १० मीटरपर्यंतचा तपशील दिसतो आणि साधारण दर पाच दिवसांनी नवे चित्र येते. मागील तीन-चार वर्षांतील मोहिमेच्या महिन्याची चित्रे शेजारी ठेवली, तर हिमरेषा कुठे असते, हिमनदीवर भेगा कोणत्या भागात उघड्या पडतात आणि नदी कोणत्या पात्रातून वाहते, हे घरबसल्या कळते. अंकीय उंची-नकाशांवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. अंतराळयानातून फेब्रुवारी २००० मध्ये घेतलेल्या रडार मोजणीवर त्यांपैकी बरेच आधारलेले आहेत, आणि उभ्या कड्यांच्या सावलीत त्या मोजणीत मोठ्या चुका राहिल्या आहेत.

माणसे

सहा ते आठ जणांचा संघ मला सर्वांत योग्य वाटतो. चार जणांच्या संघात एक जखमी झाला आणि एक त्याच्याजवळ थांबला, तर उरलेल्या दोघांना भेगाळलेल्या हिमनदीवरून मदतीसाठी जावे लागते. दहापेक्षा जास्त माणसे झाली, तर तळावरचा सगळा वेळ स्वयंपाकात आणि वाटाघाटींत जातो. एका वेळी दोन दोर, म्हणजे एकाच दोराला बांधलेल्या माणसांचे दोन गट, एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात चालू शकतील आणि एक दोर दुसऱ्याची सुटका करू शकेल, एवढी संख्या हवी.

संघात सगळेच एका वयाचे आणि एका अनुभवाचे असणे ही विद्यार्थी मोहिमांची जुनी अडचण आहे. तिच्यावरचा एक चांगला तोडगा १९३६ साली नंदादेवीच्या मोहिमेत दिसतो. हार्वर्डच्या गिर्यारोहण मंडळातून पुढे आलेल्या तरुणांनी ती मोहीम उभी केली, पण त्यांनी बिल टिलमन, नोएल ओडेल यांसारख्या मुरलेल्या ब्रिटिश गिर्यारोहकांना सोबत घेतले आणि चढाईचा नेता म्हणून टिलमन यांची निवड संघानेच केली. २९ ऑगस्ट १९३६ रोजी टिलमन आणि ओडेल ७,८१६ मीटर उंचीच्या शिखरावर पोहोचले. शिखरासाठी आधी ओडेल यांच्याबरोबर चार्ल्स ह्यूस्टन यांची निवड झाली होती, परंतु सर्वांत वरच्या छावणीत डब्यातले मांस बाधल्याने त्यांना खाली उतरावे लागले आणि त्यांची जागा टिलमन यांनी घेतली. मोहीम ज्यांनी उभारली त्यांच्यातला कोणीही शिखरावर गेला नाही, तरी ती त्यांचीच मोहीम राहिली. आपल्या मंडळाच्या माजी सदस्यांपैकी एक-दोन अनुभवी माणसांना बरोबर घेण्यात कमीपणा वाटू नये, एवढे यावरून विद्यार्थ्यांनी घ्यावे.

प्रत्येक जबाबदारीला एक नाव असावे : नेता, वैद्यकीय प्रमुख, अन्न व इंधन, सामग्री, पैसा, संपर्क. नेता आणि वैद्यकीय प्रमुख या दोन व्यक्ती वेगळ्या असाव्यात, आणि आजारी सदस्याला खाली उतरवण्याच्या बाबतीत वैद्यकीय प्रमुखाचा शब्द नेत्याच्याही वरचा राहील, असे निघण्यापूर्वी लेखी ठरवावे. वैद्यकीय प्रमुखाने दुर्गम भागातील प्रथमोपचाराचे अनेक दिवसांचे प्रशिक्षण घेतलेले असले पाहिजे आणि प्रत्येक सदस्याची दम्यापासून औषधांच्या अ‍ॅलर्जीपर्यंतची माहिती त्याच्यापाशी गोपनीय स्वरूपात असली पाहिजे.

सरावाचा हेतू केवळ तंदुरुस्ती हा नसतो. संपूर्ण संघाने निघण्यापूर्वी किमान दोनदा, थंडीत आणि वाऱ्यात, तंबूत राहून सलग काही दिवस एकत्र काढावेत. कोण थकल्यावर गप्प होतो, कोण चिडतो, कोण पाणी प्यायला विसरतो, हे त्या दिवसांत कळते, आणि ५,००० मीटरवर माणूस गप्प झाला तर तो त्याचा स्वभाव आहे की आजाराचे लक्षण, हे ओळखण्यासाठी ही माहिती लागते.

परवानग्या, विमा आणि पैसा

परवानग्यांचे नियम देशागणिक आणि कधी खोऱ्यागणिक बदलतात. किर्गिझस्तानात सीमेलगतच्या खोऱ्यांसाठी व्हिसाव्यतिरिक्त सीमाक्षेत्राचा वेगळा परवाना लागतो. भारतात शिखर चढाईसाठी इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनकडे अर्ज करावा लागतो. उपग्रह दूरध्वनीबाबत तर विशेष सावध राहावे : अनेक देशांत ते सर्रास वापरले जातात, पण भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते जवळ बाळगणे हा गुन्हा आहे आणि त्यावरून परदेशी प्रवाशांना अटकही झालेली आहे. आपण जात असलेल्या देशाचा नियम तिथल्या अधिकृत खात्याकडून लेखी मिळवावा.

विम्याचा करार शब्दशः वाचावा. त्यात कमाल उंचीची मर्यादा काय आहे, दोर व क्रॅम्पॉन वापरून केलेली चढाई समाविष्ट आहे का, शोधकार्याचा खर्च आणि सुटकेचा खर्च हे दोन्ही मिळतात का, आणि हेलिकॉप्टर उडण्यापूर्वी पैशांची हमी कोण देणार, हे चार प्रश्न विचारावेत. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पैशांची हमी मिळाल्याशिवाय हेलिकॉप्टर सहसा निघत नाही, आणि ती हमी मिळवण्यासाठी घरी असलेल्या माणसाला विमा क्रमांक व आणीबाणीचा दूरध्वनी क्रमांक तोंडपाठ असावा लागतो.

पैशांबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. विद्यापीठाचा निधी, माजी विद्यार्थी आणि गिर्यारोहण संस्थांची अनुदाने हे तीन मुख्य मार्ग आहेत. अनुदानाचे अर्ज बहुधा मोहिमेच्या कित्येक महिने आधी बंद होतात. देणगीदाराला कधीही शिखराचे वचन देऊ नये. वचन द्यायचे तर अहवालाचे द्यावे. शिखराचे वचन दिलेला संघ परत फिरण्याच्या क्षणी एक अदृश्य ओझे वाहत असतो.

उंची

समुद्रसपाटीवर हवेचा जो दाब असतो, त्याच्या साधारण निम्मा दाब ५,५०० मीटरवर उरतो. ऑक्सिजनचे प्रमाण तेच राहते, परंतु प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन निम्म्यावर येतो. शरीर याला सरावते, पण आपल्या वेगाने, आणि तो वेग माणसाच्या तंदुरुस्तीवर अवलंबून नसतो. उत्तम धावपटू आजारी पडतो आणि सावकाश चालणारा ठणठणीत राहतो, असे नेहमी घडते. तरुण वयातील जोम इथे उपयोगी पडण्याऐवजी घातक ठरतो, कारण तो माणसाला वेगाने वर नेतो.

आज सर्वमान्य असलेला नियम असा : ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन ते चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा त्याहून वर जाऊन झोपायला खाली येण्यास हरकत नाही. उलट, त्याचा फायदाच होतो. गाडीने थेट तळापर्यंत जाता येणाऱ्या रांगांमध्ये हा नियम मोडण्याचा मोह सर्वांत मोठा असतो. कोकशाल-तूमध्ये तळछावणी साधारण ४,००० मीटरच्या आसपास पडते आणि चांगल्या मोसमात तिच्या जवळपर्यंत ट्रक पोहोचतो, तर वाटेतले नारीन हे गाव सुमारे २,००० मीटरवर आहे. म्हणजे सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी दुप्पट उंचीवर तंबू ठोकू शकतो आणि पहिल्याच रात्री आजारी पडू शकतो. अशा वेळी मध्ये ३,००० आणि ३,५०० मीटरच्या सुमारास मुक्काम करणे हा वाया गेलेला वेळ नसून मोहिमेच्या दिवसांतला सर्वांत फलदायी वेळ असतो, आणि वेळापत्रकात तो आधीपासून धरलेला असला पाहिजे.

उंचीच्या साध्या आजाराची चार लक्षणे मोजण्याची लेक लुईस पद्धत प्रत्येकाने शिकून घ्यावी. डोकेदुखी, मळमळ किंवा भूक मंदावणे, थकवा आणि चक्कर यांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण द्यायचे. डोकेदुखी असून एकूण गुण तीन किंवा अधिक भरले, तर तो आजार समजायचा. २०१८ साली या पद्धतीतून झोपेचा प्रश्न वगळण्यात आला, कारण उंचीवर निरोगी माणसाचीही झोप मोडते. झोपेत श्वास काही क्षण थांबून पुन्हा जोराने सुरू होणे हेही उंचीवर नेहमीचे आहे. शेजारी झोपलेल्याने घाबरू नये. हे गुण रोज सकाळ-संध्याकाळ भोजनाच्या तंबूत सर्वांसमक्ष सांगायचे आणि वहीत लिहायचे, अशी पद्धत ठेवावी. विद्यार्थी संघात लक्षणे लपवण्याची ओढ फार असते, कारण आपल्यामुळे मित्रांची संधी जाईल असे वाटते. सगळेच रोज बोलतात म्हटल्यावर बोलण्याचा संकोच बराचसा संपतो.

लक्षणे दिसली, तर वर जायचे नाही. विश्रांतीनेही ती वाढत गेली, तर खाली उतरायचे. दोन स्थितींमध्ये मात्र क्षणाचाही विचार करायचा नाही. पहिली, फुप्फुसांत पाणी साठणे : नेहमीपेक्षा लवकर दम लागतो, कोरडा खोकला येतो आणि मग बसल्या जागीही धाप लागते. नव्या उंचीवर आल्यापासून दुसऱ्या ते चौथ्या दिवसात ही स्थिती बहुधा उद्भवते. दुसरी, मेंदूला सूज येणे : माणूस गोंधळतो, विचित्र वागतो, आणि टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगितले तर तोल जातो. दोन्हींवर खरा उपाय एकच, म्हणजे रात्र असो वा वादळ, शक्य त्या मार्गाने त्याला किमान एक हजार मीटर किंवा लक्षणे उतरेपर्यंत खाली नेणे. ऑक्सिजन, रुग्णाला आत ठेवून हवेचा दाब वाढवणारी, फुगवता येणारी दाबपिशवी, फुप्फुसांसाठी निफेडिपिन आणि मेंदूसाठी डेक्सामेथासोन ही साधने उतरण्यासाठी वेळ मिळवून देतात. त्यांच्या भरवशावर तिथेच थांबणे हा त्यांचा गैरवापर आहे. नंदादेवीच्या संघातले चार्ल्स ह्यूस्टन पुढे डॉक्टर झाले, आणि १९६० साली त्यांनी लिहिलेल्या निबंधामुळे, पूर्वी न्यूमोनिया समजल्या जाणाऱ्या या फुप्फुसांच्या आजाराकडे उंचीचा स्वतंत्र परिणाम म्हणून पाहिले जाऊ लागले.

प्रतिबंधासाठी अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिले जाते. त्याने बोटांना मुंग्या येतात आणि लघवी वाढते. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे, आणि इतरांनीही ते घरी असतानाच, डॉक्टरांच्या सल्ल्याने, एकदा घेऊन पाहावे. बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर जवळ ठेवायला हरकत नाही, पण थंड बोटावर ते चुकीचा आकडा दाखवते. चालण्यातला तोल आणि बोलण्यातली स्पष्टता यांवर अधिक विश्वास ठेवावा.

अन्न, इंधन आणि पाणी

चढाईच्या दिवसांसाठी माणशी रोज ८०० ग्रॅम ते १ किलो कोरडे अन्न धरावे आणि ते सर्वांच्या आवडीनिवडी विचारून निवडावे, कारण उंचीवर भूक मरते आणि पौष्टिक पण नावडते अन्न पिशवीतच राहते. ५,००० मीटरवर पाणी सुमारे ८३ अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे शिजायला वेळ घेणारे धान्य वरच्या छावण्यांत नेऊ नये. ठरलेल्या दिवसांच्या वर किमान तीन दिवसांचे अन्न आणि इंधन राखून ठेवावे.

इंधनाचा हिशेब अन्नापेक्षा जास्त काळजीने करावा. सगळे पाणी बर्फ वितळवून करायचे असेल, तर दोघांना दिवसाला २३० ग्रॅमचा एक गॅसचा डबा लागतो, असा ढोबळ अंदाज धरता येतो. ब्यूटेन शून्याच्या किंचित खालीच वायुरूप होणे थांबवतो, तर आयसोब्यूटेन उणे १२ अंशांच्या आसपास आणि प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत साथ देतो. म्हणून डब्यावरील मिश्रण वाचूनच खरेदी करावी. गॅसचे डबे विमानातून नेता येत नाहीत, त्यामुळे पोहोचण्याच्या शहरात ते मिळतील याची लेखी खात्री आधी करून घ्यावी. ती मिळत नसेल, तर पेट्रोलवर आणि रॉकेलवर चालणारा स्टोव्ह न्यावा. बंद तंबूत स्टोव्ह पेटवल्याने कार्बन मोनॉक्साइड साठते आणि त्याची लक्षणे उंचीच्या आजारासारखीच असतात. वारा कितीही असला, तरी हवा खेळती ठेवलीच पाहिजे.

नद्या आणि हिमनदी

नवख्या संघाचे सारे लक्ष वरच्या कड्यांकडे असते, पण दुर्गम रांगांतला एक मोठा धोका खाली, नदीच्या पात्रात असतो. हिमनदीतून निघणारा ओढा पहाटे गुडघाभर असतो आणि दुपारच्या वितळणीनंतर तोच कमरेच्या वर वाहतो. ओढे सकाळीच ओलांडावेत, पात्र जिथे अनेक धारांत फुटून रुंद झाले आहे तिथे ओलांडावेत, पाठपिशवीचा कमरपट्टा सोडून ठेवावा आणि स्वतःला दोराला बांधून घेऊ नये, कारण पडलेल्या माणसाला ताणलेला दोर पाण्याखाली धरून ठेवतो. परतीच्या दिवशी थकलेला संघ दुपारी ओढ्यापाशी पोहोचला, तर तिथेच मुक्काम करून पहाटेची वाट पाहावी.

बर्फाने झाकलेल्या हिमनदीवर दोर बांधल्याशिवाय एकही पाऊल टाकू नये, मग भेगा दिसोत वा न दिसोत. तिघांच्या दोरात दोन माणसांमध्ये १२ ते १५ मीटर अंतर ठेवावे. दोघांच्या दोरात ते वाढवावे आणि मधल्या दोराला गाठी माराव्यात, म्हणजे पडणाऱ्याचा दोर भेगेच्या काठात रुतून त्याला थांबवतो. भेगेतून बाहेर ओढण्यासाठी कप्प्यांची तीनास एक ही, ओढण्याचा जोर तिप्पट करणारी रचना प्रत्येकाला हातमोजे घालून, अंधारात, घाम न फुटता उभारता आली पाहिजे, आणि तिचा सराव तळछावणीजवळच्या पहिल्याच हिमनदीवर पुन्हा करावा. हिमस्खलन बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होते. नव्या हिमवर्षावानंतर, जोराच्या वाऱ्यानंतर किंवा अचानक वाढलेल्या उष्म्यात असे उतार टाळावेत. गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने कमी होते, त्यामुळे बाहेरच्या मदतीची वाट पाहण्याला तिथे काही अर्थ नसतो. दर हजार मीटरला अतिनील किरणे साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. चष्म्याची चौथी, म्हणजे सर्वांत गडद श्रेणी आणि संघामागे दोन जादा चष्मे हा खर्च कधीही वाचवू नये.

संपर्क आणि सुटका

घरी एक जबाबदार व्यक्ती ठरवावी, जिच्याकडे मार्गाचा नकाशा, प्रत्येकाच्या पारपत्राची प्रत, विम्याची कागदपत्रे आणि दिवसागणिक वेळापत्रक असेल. उपग्रहावरून दोन्ही बाजूंनी संदेश पाठवता येणारे यंत्र रोज ठरलेल्या वेळी वापरावे. संदेश चुकला तर किती तासांनी चौकशी सुरू करायची आणि किती तासांनी सुटका पथकाला कळवायचे, हे दोन आकडे आधीच लिहून द्यावेत. नाहीतर बॅटरी संपली एवढ्यावरून घरचे हवालदिल होतात किंवा, उलट, खरा अपघात होऊनही दोन दिवस कोणी हलत नाही.

तरीही सुटकेचा मुख्य आधार संघ स्वतःच असतो. १९५७ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या गिर्यारोहण मंडळाने काराकोरममधील हरामोशवर, ७,४०० मीटरच्या आसपासच्या शिखरावर, मोहीम नेली. टोनी स्ट्रेदर हे अनुभवी सैनिक गिर्यारोहक तिचे नेते होते. खराब हवामानात दिवस गेल्यामुळे शिखराचा विचार सोडून संघ केवळ पुढचा मार्ग पाहून येण्यासाठी धारेवर गेला, आणि तिथे बर्नार्ड जिलट व जॉन एमरी हिमस्खलनाबरोबर खालच्या हिमकुंडात गेले. ते दोघेही त्यातून वाचले होते. त्यांना वर आणण्यासाठी स्ट्रेदर आणि रे कल्बर्ट खाली उतरले, पण पुढच्या दिवसांत थकलेले सुटका करणारेच अडकत गेले. अखेर जिलट आणि कल्बर्ट यांचा मृत्यू झाला आणि एमरी यांनी हिमदंशामुळे हातापायांची बोटे गमावली. त्या चौघांच्या धैर्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण आखणी करणाऱ्याने त्यातून एक ठोस नियम घ्यावा : वर गेलेल्या गटाइतकाच ताजातवाना दुसरा गट, स्वतंत्र दोर, स्टोव्ह आणि तंबूसह, सुटकेसाठी मोकळा असला पाहिजे, आणि सुटकेला निघणाऱ्याने अन्न, पाणी व कोरडे हातमोजे घेतल्याशिवाय निघू नये, मग वरून हाक कितीही आर्त येवो.

हिमदंश झालेला भाग पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर तो वितळवू नये. गोठलेल्या पायांवर चालत उतरणे त्यापेक्षा बरे. सुरक्षित जागी पोहोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात तो ठेवावा. चोळू तर कधीच नये.

परतीची वेळ

शिखराच्या दिवशी मध्यरात्रीनंतर एक-दोन वाजता निघावे, म्हणजे रात्रीच्या गारठ्याने घट्ट झालेला बर्फ चढताना आणि बराचसा उतरतानाही टिकतो. परत फिरण्याची वेळ आदल्या संध्याकाळी, खाली, पोट भरलेले असताना ठरवावी आणि ती उतरणीच्या उतारावर ऊन कधी येते यावरून काढावी. दोरातल्या कोणाही एकाने 'फिरू या' म्हटले, की सगळा दोर फिरतो, आणि त्याचे कारण तळछावणीत पोहोचेपर्यंत विचारायचे नाही, हा नियम मला इतर सर्व नियमांहून मोलाचा वाटतो. मित्रांच्या संघात बहुमताने घेतलेला निर्णय घाबरलेल्या एकट्या माणसाला गप्प करतो, आणि अनेकदा त्याच एकट्याने पायाखालच्या बर्फातला पोकळ आवाज ऐकलेला असतो.

अहवाल

विद्यार्थी मंडळातली माणसे तीन-चार वर्षांत पांगतात आणि त्यांच्याबरोबर सारे शिकलेलेही निघून जाते, म्हणून अहवाल परतल्यापासून दोन महिन्यांच्या आत पूर्ण करावा. त्यात तळछावणीचे आणि प्रत्येक छावणीचे अक्षांश-रेखांश, प्रत्येक चढाईची तारीख, वेळ आणि श्रेणी, ओढे कुठे व किती वाजता ओलांडले, उंचीच्या आजाराच्या वहीतल्या नोंदी नावे वगळून, आणि किती अन्न व इंधन उरले हे सर्व यावे. कचरा, बॅटऱ्या आणि मानवी विष्ठा खाली आणण्याची कोणती व्यवस्था चालली आणि कोणती फसली, हेही लिहावे. जिथून परत फिरावे लागले, ते ठिकाण छायाचित्रावर रेघ ओढून, कारण आणि वेळ यांसह दाखवावे, कारण पुढच्या संघाला शिखरावरच्या छायाचित्रापेक्षा त्या रेघेचा उपयोग अधिक असतो. अहवालाची एक प्रत अनुदान देणाऱ्या संस्थेला, एक अमेरिकन अल्पाइन जर्नलसारख्या नोंदी ठेवणाऱ्या वार्षिकाला आणि एक मंडळाच्या कपाटात, वापरलेल्या दोरांच्या वयाच्या नोंदवहीशेजारी ठेवावी.